आठशे तासांचा हिशेब

गेल्या महिन्यात नाशिकमधल्या एका सभागृहात प्राथमिक शाळांच्या बदलत्या अभ्यासक्रमावर चर्चासत्र झालं. मंचावर पाच वक्ते होते. एक तिसऱ्या भाषेच्या विरोधात तळमळीने बोलले, दुसऱ्यांनी सीबीएसई पॅटर्नशिवाय आपल्या मुलांना भवितव्य नाही असं बजावलं. तिसऱ्यांनी शिवचरित्राला किती पानं मिळणार याची चिंता मांडली, चौथ्यांना पहिलीपासून संगणक हवा होता आणि पाचव्या बाईंना मूल्यशिक्षणाची रोजची तासिका. सगळे मनापासून बोलले. पण अडीच तासांत एकानेही विचारलं नाही, की हे सगळं शिकवायला शाळेत वेळ किती आहे, आणि आज दुसरी संपवून तिसरीत जाणाऱ्या मुलाला वाचता येतं का? मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली अकरा वर्षं पेठ तालुक्यात, बहुतेक काळ पहिली-दुसरीच्या वर्गांवर. त्या संध्याकाळी घरी परतले ती अस्वस्थ होऊनच.

माझं म्हणणं आधीच सांगते. अभ्यासक्रम बदलायला माझा विरोध नाही, तो बदललाच पाहिजे. पण दुसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला त्याला समजणाऱ्या भाषेत अडखळत का होईना अर्थासकट वाचता यावं, आणि शंभरपर्यंतच्या संख्या हाताळता याव्यात, एवढं साधेपर्यंत या दोन वर्षांत नवं काहीही घालू नये. ज्याला काही घालायचं असेल त्याने त्यासाठी काय काढणार आणि ते कोण शिकवणार, हे त्याच कागदावर लिहून द्यावं. भाषेचा अभिमान, इतिहासाचा मान, देशपातळीवरची स्पर्धा हे प्रश्न मोठे आहेत, पण वाचता न येणाऱ्या मुलापर्यंत त्यातलं काहीच पोहोचत नाही.

आता वेळेचा हिशेब. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास सांगितले आहेत. म्हणजे दिवसाला चार तास. त्याच परिशिष्टाप्रमाणे साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोन शिक्षक मिळतात. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतल्या पाड्यांवर अशा द्विशिक्षकी शाळा पुष्कळ आहेत. दोघांपैकी एकाकडे पहिली, दुसरी, तिसरी असे तीन वर्ग आले, की आठशे तासांना तिनाने भागा. एका वर्गाच्या वाट्याला २६६ तास येतात. त्यातले अर्धे फक्त मराठीच्या वाचन-लेखनाला दिले, तर १३३ तास, म्हणजे दिवसाला चाळीस मिनिटं. वर्गात वीस मुलं असतील तर एकेका मुलाला शेजारी बसवून त्याचं वाचन ऐकायला दोन मिनिटं. बहुवर्ग अध्यापनात बाकीची मुलं रिकामी बसत नाहीत, मोठी मुलं लहानांना शिकवतात, हे मला माहीत आहे, मी तेच करत आले. पण पहिलीतलं मूल ‘क’ला काना लावून काय होतं ते शिकत असतं, तेव्हा त्याच्यासमोर मोठं माणूस लागतं. ती दोन मिनिटं दुसऱ्या कुणाला देता येत नाहीत.

शिवाय हे कागदावरचे तास. दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याची कुटुंबं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात आणि मुलं बरोबर जातात. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं नोव्हेंबरात नाहीशी व्हायची आणि होळीला परत दिसायची. त्यांच्यासाठी दोनशे दिवसांचे शंभर-सव्वाशेच उरायचे. उरलेल्या दिवसांत परिपाठ, पोषण आहार, चाचण्या, ऑनलाइन भरायची माहिती आणि निवडणुकीचं काम. अभ्यासक्रमात एक विषय वाढला असं आपण सहज म्हणतो, तेव्हा तो विषय या मुलाच्या कोणत्या दोन मिनिटांतून येणार?

आपण अभ्यासक्रमाच्या चर्चा कशा बिघडवतो, याचं मला सर्वांत जास्त खुपलेलं उदाहरण २०१९ चं आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची नवी पद्धत आली. एकवीस, बावीस यांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असंही म्हणायला सुचवलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण वारंवार समजावून सांगितलं. पण राज्यभर थट्टा सुरू झाली, नेत्यांच्या नावांची मोडतोड करून विनोद झाले, विधिमंडळातही शेरेबाजी झाली आणि मराठी भाषेवर घाला पडला अशी हाकाटी उठली. ज्यांनी कधी सहा-सात वर्षांच्या मुलाला ६३ लिहायला शिकवलं नव्हतं ते सगळे बोलत होते.

मुलाची अडचण अगदी खरी आहे. आपण ‘त्रेसष्ट’ म्हणतो तेव्हा आधी तीन ऐकू येतात, मग साठ. मूल ऐकल्या क्रमाने लिहितं, ३६. ‘एकोणसाठ’ म्हटलं की साठ ऐकून ६९ लिहितं. कानडी, तेलुगू, तमिळमध्ये दशक आधी येतो, त्यामुळे तिथल्या मुलांपुढे हा पेच नसतो. मी वर्गात काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून घ्यायचे. सहा गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या म्हणजे साठ आणि तीन, आणि यालाच आपण त्रेसष्ट म्हणतो. हे नव्या पुस्तकाच्या किती तरी आधीपासून माझ्यासारख्या अनेक जणी करत होत्या. त्यामुळे एकही मूल त्रेसष्ट हा शब्द विसरलं नाही. विसरेल कसं? बाजारात तोच शब्द चालतो. विरोधकांचा एक मुद्दा मात्र रास्त होता. घर, बाजार आणि शाळा यांच्या संख्या वेगळ्या झाल्या तर मूल गोंधळेल आणि आईबापांना अभ्यास घेता येणार नाही, अशी भीती त्यांना होती. त्या भीतीला उत्तर होतं. दोन्ही रूपं पुस्तकात ठेवलेली होती, आणि सोपं रूप हे स्थानिक किमतीपर्यंत नेणारी पायरी होतं. हे बोलणं झालंच नाही. पायरीचा प्रश्न अस्मितेचा करून आपण मोकळे झालो, आणि छत्तीस-त्रेसष्टमध्ये अडकलेली मुलं अडकलेलीच राहिली.

तिसऱ्या भाषेच्या वादातही तेच झालं. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी सक्तीची केली. जूनमध्ये त्यात दुरुस्ती झाली, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. निर्णय मागे घेतला याचा मला आनंद झाला. पण लढाई ज्या मुद्द्यावर झाली तो मला अपुरा वाटतो. सगळं भांडण मराठी विरुद्ध हिंदी असं चाललं. उद्या हिंदीच्या जागी कुणी संस्कृत आणली, किंवा एखादी परदेशी भाषा आणली, तर आपण काय म्हणणार? पहिलीत तिसरी भाषा नको, कारण पहिलीतल्या कित्येक मुलांसाठी मराठी हीच दुसरी भाषा आहे, इंग्रजी तिसरी, आणि हिंदी चौथी झाली असती. पेठ-सुरगाण्यात मूल कोकणा ही आदिवासी बोली बोलत शाळेत येतं. बागलाण, कळवण, मालेगावच्या पट्ट्यात अहिराणी बोलत येतं. मुलगा म्हणायला तिथे ‘आंडोर’ म्हणतात. त्या पोराला पुस्तकातला ‘मुलगा’ परका वाटतो हे शहरात बसून लक्षात येत नाही. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांतल्या शाळांत तर घरी भोजपुरी बोलणारी मुलंही मराठी माध्यमात शिकतात.

लहानपणी मुलं भाषा झटकन शिकतात, असं तज्ज्ञ सांगतात. ते खरं आहे, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. द्राक्षबागेत बिहारी मजुरांच्या शेजारी चार महिने राहिलेलं पोर हिंदी बोलत परत यायचं. पण ते भाषा शिकलं खेळून, भांडून, दिवसभर ऐकून. आठवड्यातल्या दोन-तीन तासिकांत, स्वतःलाच त्या भाषेचा सराव नसलेल्या शिक्षकाकडून, पुस्तकातून भाषा शिकणं ही निराळी गोष्ट आहे. याची परीक्षा आपण एकदा देऊन झालो आहोत. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली. त्याआधी ती पाचवीपासून होती. तेव्हाही म्हटलं गेलं, की इंग्रजी लवकर आली तर बहुजनांची मुलं मागे पडणार नाहीत आणि पालक मराठी शाळा सोडणार नाहीत. हेतू चांगलाच होता. आम्हाला थोडं प्रशिक्षण मिळालं आणि आम्ही कविता म्हणून घ्यायला लागलो. मुलांनी त्या कविता पाठ केल्या. चौथीत गेल्यावर मात्र साधं इंग्रजी वाक्य वाचून अर्थ सांगणारी मुलं माझ्या शाळांत बोटांवर मोजण्याइतकी असायची, आणि पालक शहरात इंग्रजी माध्यमाच्या दारात रांगा लावतच राहिले. इंग्रजी काढून टाका असं मी म्हणत नाही. त्या निर्णयासोबत तास आणि शिक्षक आले नाहीत, म्हणून तो मुलांपर्यंत पोहोचला नाही, एवढंच दाखवते आहे.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत जड आक्षेप. एका आदिवासी तरुण शिक्षकानेच तो मला सुनावला होता. तो म्हणाला, “बाई, आमच्या पोरांनी आधी नीट वाचायला शिकावं, बाकी नंतर बघू, हे ऐकायला बरं वाटतं. पण शहरातली पोरं तोवर तीन भाषा आणि कोडिंग शिकून पुढे गेलेली असतात. आमच्यासाठी कायम थोडंच का?” याला सोपं उत्तर नाही, कारण इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी ग्रामीण प्राथमिक शाळेचा वेळ कमी केला आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. शाळा कमी आणि जागा थोड्या, असं कारण त्यामागे होतं. पण लोकांनी तिला कुलशिक्षण म्हटलं. चांभाराच्या पोराने चांभारच राहावं याची ही सोय आहे, हे त्यांनी ओळखलं. १९५४ मध्ये राजाजींनी पद सोडलं आणि त्यांच्या जागी मुख्यमंत्री झालेल्या कामराजांनी ती योजना रद्द केली. गरिबांच्या मुलांना झेपेल तेवढंच द्या असं कुणी म्हणतं, तेव्हा संशय घेण्याचा त्या तरुणाला पूर्ण अधिकार आहे.

पण याच इतिहासात आपल्या घरचा एक कागद आहे. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी त्यात होती. काय शिकवायचं तेही त्यांनी सांगितलं होतं. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे थोडे धडे. ही यादी छोटी आहे. त्याच निवेदनात प्रशिक्षित शिक्षकाचा आणि त्याला पुरेशा पगाराचाही आग्रह आहे. जोतीराव शूद्रातिशूद्रांच्या मुलांना कमी मागत होते असं कोण म्हणेल? जेवढं लिहिलं तेवढं खरोखर प्रत्येकाच्या हाती पडावं, असा त्यांचा हट्ट होता. राजाजींच्या योजनेत मुलाचे शाळेतले तास काढून घेतले होते. मी तास काढून घ्यायला सांगत नाही, ते वाचनावर खर्च करायला सांगते. कमी दिल्याने भेदभाव होतो तसा तो कागदावर भरपूर देऊन हातात काहीच न पडल्यानेही होतो. गावोगाव मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात सरकारी शाळांत तिसरीतल्या सुमारे २३ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. उरलेल्यांच्या दप्तरात सगळ्या विषयांची पुस्तकं असतात. नाशिक शहरातल्या गंगापूर रोडसारख्या सुखवस्तू भागातल्या मुलाला शाळेत वाचायला आलं नाही तर घरी आई शिकवते, शिकवणी लावते. पाड्यावरच्या मुलाला शाळेत नाही आलं तर कुठेच येत नाही. मग गर्दीच्या अभ्यासक्रमाचा तोटा नेमका कुणाला होतो?

सीबीएसई पॅटर्नच्या समर्थकांचं म्हणणंही मी उडवून लावत नाही. पुढे जेईई, नीटला बसायचं असेल तर पाया जुळायला हवा, ही पालकांची काळजी खोटी नाही. पण त्यासाठी पहिलीत घाई कशाला? ज्या राष्ट्रीय धोरणाचा आधार घेतला जातो, ते २०२० चं धोरण पायाभूत वाचन आणि संख्याज्ञानालाच सर्वांत तातडीचं काम म्हणतं. २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेचं उद्दिष्टही २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाने तिसरीअखेर हे साध्य करावं असंच आहे. एप्रिल २०२५ च्या त्याच शासन निर्णयातलं वेळापत्रक बघा. २०२५-२६ ला पहिली, आणि २०२६-२७ ला एकदम दुसरी, तिसरी, चौथी आणि सहावी. म्हणजे २०२६ च्या जूनमध्ये तिसरीत बसणाऱ्या मुलाने पहिली-दुसरी जुन्या अभ्यासक्रमाने केलेली असणार, आणि तिसरीचं नवं पुस्तक मात्र त्याने न केलेल्या नव्या पहिली-दुसरीवर रचलेलं. मधली फट कोण भरणार? वर्गातल्या बाईच. आणि ते त्यांना कुणी सांगितलेलंही नसणार. २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांत वह्यांची कोरी पानं घातली आणि पुस्तकाचे चार भाग केले, तेव्हा दप्तर हलकं झालं हे मान्यच. पण दोन वर्षांत तो प्रयोग मागे घ्यावा लागला. आधी शे-दोनशे शाळांत वर्षभर करून पाहिलं असतं तर?

काही गोष्टींना मात्र हात लावू नये, असं मला वाटतं, आणि त्यात तिसरीचा परिसर अभ्यास पहिला. जिल्हानिहाय पुस्तकाची आपली पद्धत फार मोलाची आहे. राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात या विषयाला ‘आपल्या सभोवतालचे जग’ असं नाव आलं आहे. नावाला हरकत नाही, पण सभोवताल कुणाचा? सुरगाण्याच्या मुलाचा सभोवताल बघा. जिल्ह्यात सर्वांत दांडगा पाऊस पडणाऱ्या भागांपैकी तो एक, तरी उन्हाळ्यात त्याची आई हंडे घेऊन दरीत उतरते. का? नार, पार या नद्यांचं पाणी उतारावरून पश्चिमेला अरबी समुद्राकडे निघून जातं. त्याच डोंगररांगेत ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी पूर्वेला वळते आणि हजार-दीड हजार किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. हा धडा मी पुस्तकाबाहेर घ्यायचे. मातीचा डोंगर करायचा, वरून तांब्याने पाणी सोडायचं आणि पाणी कुठे पळतं ते पोरांनी बोटाने दाखवायचं. एकदा तिसरीतल्या एका मुलीने विचारलं, “मग गंगापूर धरणासारखं आमच्याकडे का नाही अडवत?” भूगोल, विज्ञान आणि नागरिकशास्त्र तिघांनाही पुरून उरेल असा हा प्रश्न आहे. देशभर एकच पुस्तक केलं तर तो विचारायला जागा राहणार नाही. तिथे ‘एक नदी’ असेल आणि तिला नाव नसेल.

चौथीच्या शिवचरित्राबद्दलही तसंच. १९७० पासून महाराष्ट्राच्या पिढ्या त्या पुस्तकावर वाढल्या आणि ते राहायलाच हवं. माझं कारण मात्र वर्गातलं आहे. मूल पहिल्यांदा स्वतःहून पुढचं पान उलटतं ते याच पुस्तकात, कारण पुढे काय झालं हे त्याला कळायचंच असतं. गणित नको म्हणणारी पोरं अफजलखानाचा धडा घरी नेऊन आजीला वाचून दाखवायची. पण ज्याला जोडाक्षरं वाचता येत नाहीत, तो ‘स्वराज्य’ या शब्दावरच थांबतो. किती पानं हवीत यावर भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी चौथीच्या वर्गात तासभर बसून पाहावं, की त्यातली किती पानं मुलं स्वतः वाचतात.

तिसरीपासूनच्या वर्गांच्या नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा २०२५ च्या जुलैमध्ये लोकांपुढे ठेवला गेला, सूचना मागवल्या गेल्या. अशा मसुद्यांत अध्ययन निष्पत्तींची लांबलचक कोष्टकं असतात. त्यात दोन रकाने वाढवा, एवढी माझी मागणी आहे. एका रकान्यात, हा घटक शिकवायला द्विशिक्षकी शाळेत किती तास लागतील. दुसऱ्यात, त्यासाठी जुन्यातलं काय कमी केलं. बेरीज २६६ च्या वर गेली तर मसुदा परत समितीकडे जावा. आणि समितीत पहिली-दुसरीला शिकवणारे, पाड्यावरचे, सध्या नोकरीत असलेले शिक्षक किमान निम्मे असावेत. ज्यांच्या कारकिर्दीत २०२५ चे हे निर्णय झाले ते शिक्षणमंत्री दादा भुसे आपल्याच जिल्ह्यातले, मालेगावचे. त्यांना या शाळा नकाशावर शोधाव्या लागणार नाहीत. पुढच्या मसुद्याचं पहिलं जाहीर वाचन पुण्या-मुंबईच्या सभागृहात न करता सुरगाण्याच्या एखाद्या केंद्रशाळेत, शिक्षकांच्या शिक्षण परिषदेच्या दिवशी व्हावं. दिवाळीच्या आत, म्हणजे मुलं आईबापांबरोबर बागांवर जायच्या आधी.